ऱ्हाईनच्या काठचे जकातनाके

जर्मनीतल्या काउब या गावासमोर, ऱ्हाईन नदीच्या ऐन पात्रात, एका खडकावर पांढराशुभ्र किल्ला उभा आहे. फाल्त्सग्राफेनश्टाइन हे त्याचं भलंथोरलं नाव. गावकरी नुसतं ‘फाल्त्स’ म्हणतात. कॅलेंडरांवर, पोस्टकार्डांवर, पर्यटनाच्या पत्रकांवर त्याचा फोटो असतो आणि तो पाहून कुणालाही वाटावं, की इथे एखादी राजकन्या राहत असणार. राहत होते ते जकात वसूल करणारे कारकून आणि त्यांचे शिपाई. बव्हेरियाच्या लुडविग राजाने १३२७ च्या सुमारास नदीत हा मनोरा उभारला तो एवढ्याचसाठी. दहा-बारा वर्षांनी त्याभोवती षट्कोनी तट आला. मधल्या मनोऱ्याचा टोकदार कोन प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोखलेला आहे. हिवाळ्यात वाहत येणारा बर्फ त्यावर आपटून फुटावा म्हणून. नदीत आडवा साखळदंड, वर डोंगरावर गुटेनफेल्स हा दुसरा किल्ला, खाली तटबंदीचं काउब गाव. माल भरलेली होडी यातून निसटणार कुठून? पैसे देणार नाही म्हणणाऱ्या व्यापाऱ्याची रवानगी तळातल्या विहिरीसारख्या कोठडीत व्हायची, असं तिथे सांगतात.

बाबांना हे सगळं मी फेरीची वाट बघता बघता सांगितलं. त्यांनी एकदा किल्ल्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “म्हणजे नाणेघाटच की. रांजण कुठं ठेवलाय यांनी?”

मी माइन्त्सला राहते. उन्हाळ्यात भारतातून कुणी ना कुणी येतंच आणि आलं की त्यांना ऱ्हाईनचं खोरं दाखवायला न्यायचं हा आमच्या घरचा शिरस्ता आहे. पाहुणे बोटीत बसतात, केक खातात, दोन्ही काठांचे किल्ले मोबाईलमध्ये भरून घेतात आणि खूश होऊन परततात. बाबांचं तसं नव्हतं. जन्मभर सह्याद्री पालथा घातलेला माणूस. त्यांना किल्ला लांबून बघायचाच नसतो. पाण्याचं टाकं कुठे, दरवाजा कुठल्या वळणावर आहे, चोरवाट आहे की नाही, दारूगोळ्याची कोठी कुठे, हे कळल्याशिवाय त्यांच्या लेखी किल्ला ‘झाला’ असं होत नाही. त्यांच्यामुळे मला हे खोरं बोटीच्या कठड्यावरून नव्हे, तर पायांनी बघावं लागलं आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आधी भूगोल. माइन्त्सहून निघालेली ऱ्हाईन बिंगेनपर्यंत ऐसपैस पसरून, निवांत वाहते. बिंगेनला ती उत्तरेकडे वळते आणि पाटीच्या दगडाच्या डोंगरांत घुसते. तिथून कोब्लेन्त्सपर्यंतचं सुमारे ६५ किलोमीटरचं अरुंद खोरं म्हणजे युनेस्कोने २००२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतलेला टापू. एवढ्याशा अंतरात चाळीसेक किल्ले. का? उत्तर सोपं आहे. मध्ययुगात रस्ते चिखलाचे आणि जंगलातले. खरा हमरस्ता म्हणजे ही नदी. स्वित्झर्लंडकडचा, इटलीकडून आलेला, ऱ्हाईनकाठच्या शहरांतला माल इथूनच खाली कलोनला आणि पुढे समुद्राकडे जायचा. येताना होड्या काठाकाठाने घोडे लावून ओढाव्या लागत. वेग माणसाच्या चालण्याएवढा. अशा मंद, भरलेल्या, पळून न जाऊ शकणाऱ्या होडीसमोर ज्याचा उंचावर बुरूज असेल, तो श्रीमंत होणारच.

त्यात राजकारणाचा गुंता. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडण्याचा अधिकार ज्या सात जणांना होता, त्यांतल्या चौघांच्या हद्दी याच खोऱ्यात एकमेकींना भिडत होत्या: माइन्त्स, ट्रिअर आणि कलोनचे आर्चबिशप आणि पॅलाटिनेटचा काउंट. म्हणजे धर्मगुरू म्हणावेत असे तिघे आणि चौथा सरदार, आणि चौघांचेही जकातनाके. शिवाय अधल्यामधल्या काउंटांचे वेगळे. बिंगेनजवळ पात्रातच एक ‘उंदरांचा मनोरा’ आहे. दुष्काळात धान्य दडवून ठेवणाऱ्या, भुकेल्यांना कोठारात कोंडून जाळणाऱ्या हाट्टो नावाच्या आर्चबिशपला इथे उंदरांनी जिवंत खाल्लं, अशी दंतकथा आहे. मनोरा प्रत्यक्षात जकातीवर पहारा ठेवायला होता. लोकांनी वसुली करणाऱ्याला उंदरांच्या तोंडी दिलं यात मला तरी काहीच नवल वाटत नाही.

तेराव्या शतकाच्या मध्यावर तर सम्राटाचं आसनच डळमळीत झालं आणि जो तो नाका बांधत सुटला. काटसेनेलनबोगेनच्या काउंटने, पाचव्या डीटरने, १२४५ मध्ये सांक्ट गोआर गावाच्या डोक्यावर ऱ्हाईनफेल्स किल्ला बांधला आणि जकात वाढवली. शेवटी शहरंच वैतागली. १२५४ मध्ये माइन्त्स, वोर्म्स आणि इतर शहरांनी मिळून ऱ्हाईन संघ काढला, पुढच्याच वर्षी फौज आणि होड्या घेऊन ऱ्हाईनफेल्सला वेढा घातला. वर्षाहून जास्त काळ तो चालला आणि फसला. काउंट आपल्या जागी, जकातही आपल्या जागी. याच घराण्याने पुढे समोरच्या काठावर एक किल्ला बांधला. घराण्याचं नाव उच्चारायला जड, म्हणून लोकांनी त्याला ‘काट्स’, म्हणजे मांजर, करून टाकलं. आणि जवळच ट्रिअरच्या आर्चबिशपने बांधलेल्या किल्ल्याला ओघानेच ‘माउस’ म्हणायला लागले. बोटीवरच्या ध्वनिफितीत ही मांजर-उंदराची गोष्ट पाच भाषांत ऐकवतात. शहरांच्या फसलेल्या वेढ्याबद्दल मात्र एका भाषेतही काही सांगत नाहीत.

ऱ्हाईनफेल्स हा बाबांना आवडलेला पहिला किल्ला. तो पडका आहे, म्हणजे नीटनेटका पडका. तिकीट आहे, कठडे आहेत, पण कुणी त्याला रंगरंगोटी केलेली नाही. १६९२ च्या डिसेंबरात फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या प्रचंड फौजेला हेस या जर्मन संस्थानाच्या मूठभर शिबंदीने इथे दाद दिली नव्हती. किल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला जमिनीखाली सुरुंगाचे बोगदे खणलेले आहेत. शत्रू वर आला की खालून बार उडवायचा, अशी योजना. काही ठिकाणी इतके बुटके, की ओणवं होऊन चालावं लागतं. बाबा खिशातली बॅटरी काढून पुढे झाले. मागे मी. अंधारात त्यांचा आवाज आला, “भिंत ओली आहे. इथं पाणी झिरपतंय. दारू कोरडी कशी ठेवत असतील?” मला उत्तर माहीत नव्हतं आणि त्यांना ते माझ्याकडून अपेक्षितही नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांच्या शर्टाच्या पाठीला पाटीच्या दगडाची काळी भुकटी लागली होती आणि चेहरा खुलला होता.

एवढा झुंजलेला किल्ला शेवटी पडला तो न लढता. १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीची सेना आली, किल्लेदाराने तो सोडून दिला आणि फ्रेंचांनी १७९७ पर्यंत त्याचे तट सुरुंग लावून उडवले. त्याचे दगड पुढे कोब्लेन्त्सला प्रशियाच्या नव्या एहरेनब्राइटश्टाइन किल्ल्याच्या बांधकामाला गेले. बाबांनी मान हलवली. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा आणि पायऱ्या तोफा लावून उडवल्या. हरलेल्याचा किल्ला पुन्हा नांदू द्यायचा नाही, ही रीत दोन्हीकडे सारखीच. इथल्या बहुतेक किल्ल्यांचा निकाल मात्र त्याच्याही शंभरेक वर्षं आधी लागला होता. १६८९ मध्ये लुईच्या सैन्याने पॅलाटिनेटमधली शहरं आणि गढ्या ठरवून जाळल्या, उडवल्या. त्यानंतर हे खोरं म्हणजे नुसते ओसाड अवशेष, खाली द्राक्षमळे आणि नदी. शंभर-सव्वाशे वर्षं तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मग आली रोमँटिक मंडळी. नेपोलियन पडला, खंडातले रस्ते खुले झाले आणि इंग्रज प्रवासी लोटले. चित्रकार टर्नर १८१७ मध्ये वही घेऊन इथून फिरला. १८२० च्या दशकात वाफेच्या बोटी सुरू झाल्या. कोब्लेन्त्सच्या कार्ल बेडेकर नावाच्या पुस्तकविक्रेत्याच्या हाती ऱ्हाईनच्या प्रवासाचं एक पुस्तक लागलं. त्याने १८३५ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती काढली आणि खिशात मावणारं, खाणावळी-भाडी-वाटा सगळं सांगणारं प्रवासमार्गदर्शक कसं असावं याचा पुढच्या जगासाठी वस्तुपाठच घालून दिला. म्हणजे आज आपण ज्याला पर्यटन म्हणतो, त्याचं एक बाळंतपण याच काठावर झालं.

आणि राजेलोक? १८१५ च्या व्हिएन्ना काँग्रेसमध्ये ऱ्हाईनच्या डाव्या काठचा इथला बहुतेक मुलूख प्रशियाला मिळाला. बर्लिनच्या राजघराण्याचा इथे ना पूर्वज होता, ना मूळ. मग त्यांनी पडके किल्ले घ्यायला सुरुवात केली. राजपुत्र फ्रीडरिशने १८२३ मध्ये बिंगेनजवळची एक पडकी गढी विकत घेतली, दोन वर्षांनी काम काढलं, १८२९ ला पुरं केलं आणि तिला नाव दिलं ऱ्हाईनश्टाइन. कोब्लेन्त्स शहराने युवराजाला श्टोलत्सेनफेल्सचे अवशेष भेट दिले. शिंकेलसारख्या वास्तुकाराने त्याचा पिवळसर, बुरूजबंद प्रासाद करून टाकला. झोनेक किल्लाही युवराजाने आणि त्याच्या भावांनी मिळून घेतला. त्यातच १८४० मध्ये फ्रान्सने ऱ्हाईन ही आपली सरहद्द असल्याचा सूर लावला आणि जर्मनीत नदीवरून देशभक्तीचा पूर आला. तेव्हा डोंगरमाथ्यावर भगदाडं पडलेली गढी दिसण्यापेक्षा निशाण फडकणारा बुरूज दिसावा, यात राजकारणही होतंच.

ऱ्हाईनश्टाइनला आम्ही गेलो तो दिवस पावसाळी. उचलता पूल, लोखंडी जाळीचा दरवाजा, बुरुजावर टांगलेली आगटीची टोपली. सगळं कसं जागच्या जागी. आत ‘शिलेदारांच्या दालनात’ रंगीत काचांतून हिरवा-तांबडा उजेड जमिनीवर पडला होता. बाबा भिंतीजवळ गेले, नक्षीच्या दगडी कंगोऱ्यावर बोट ठेवलं आणि बोट सपाट भिंतीवरून सरळ घसरलं. कंगोरा रंगवलेला होता. सावलीसकट. त्यांनी मला हाक मारली, “इकडे ये. हात लाव.” मीही लावला. मग ते शेजारच्या खांबाला, मग छताखालच्या पट्टीला हात लावत सुटले आणि तिथला रखवालदार अस्वस्थ व्हायला लागला.

“नाटकाचा पडदा आहे हा,” बाबा म्हणाले.

मला तसं नाही वाटत. म्हणजे वाटायचं, पूर्वी. पण आता ऱ्हाईनश्टाइनसुद्धा दोनशे वर्षांचा होत आला. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका श्रीमंत माणसाला मध्ययुग कसं असावंसं वाटत होतं, याचा तो अस्सल पुरावा आहे. फक्त त्याला मध्ययुगीन म्हणून विकू नये. दारावरच्या फलकावर ‘इमारत १८२५-२९’ असं ठळक लिहिलं, तर माझी काही तक्रार नाही. बाबांचं म्हणणं, एवढा पैसा होता तर मूळ तट सावरायचा होता, शोभेचा कंगोरा रंगवायचा नव्हता. जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हापासून बाबांच्या मित्रमंडळींत हाच वाद रोज चालतो: काय सावरायचं, काय पुन्हा बांधायचं, कुठे हात आखडायचा. ऱ्हाईनश्टाइनने त्यांच्या हातात एक दाखला आयताच दिला.

लोरेलायबद्दल थोडक्यात. सांक्ट गोआर्सहाउझेनजवळ नदीवर झुकलेला, पाण्यापासून सुमारे १३२ मीटर उंच कडा. माथ्यावर बसून केस विंचरणारी सोनेरी केसांची मुलगी, तिच्या गाण्याने भान हरपून बुडणारे नावाडी. बोट तिथे आली की ते गाणं लावतात आणि अर्धी बोट उठून उभी राहते. ही कथा फार प्राचीन असल्याची समजूत आहे. प्रत्यक्षात क्लेमेन्स ब्रेन्टानो या कवीने ती १८०१ मध्ये रचली आणि हाइनेच्या १८२४ च्या कवितेने ती घरोघर पोचवली. खडक मात्र अस्सल आहे आणि तिथली नदीही. पात्र अरुंद, खोली पंचवीस मीटरच्या आसपास, वळण आंधळं. १३ जानेवारी २०११ ला सुमारे २,४०० टन सल्फ्युरिक ॲसिड घेऊन निघालेली ‘वाल्डहोफ’ ही टँकर-बोट इथेच उलटली, दोन खलाशी गेले आणि नदीची वाहतूक कित्येक आठवडे विस्कळीत झाली. वळणापलीकडून कोण येतंय हे नावाड्यांना कळावं म्हणून काठावर प्रकाशखुणांचे फलक आहेत. बाबा त्या खुणा वाचायला शिकले. गाण्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

बाखाराखवर मात्र मला अख्खा लेख लिहिता येईल. तटाच्या आत वसलेलं टीचभर गाव. लाकडी चौकटीत माती-चुना भरून बांधलेली घरं, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून तिरकी झालेली. त्यातलं ‘जुनं घर’ १३६८ चं. वर श्टालेक किल्ला, जिथे आता युवकांचं वसतिगृह आहे आणि शाळेच्या सहलीची पोरं कॉटवर उड्या मारत असतात. या गावाचं नाव मध्ययुगात युरोपभर गाजलं ते वाइनमुळे, आणि गंमत म्हणजे ती वाइन सगळी इथली नव्हती. बिंगेनजवळ पात्रात खडकांची रांग होती. मोठं गलबत त्यातून जात नसे. वरून आलेली पिंपं लहान होड्यांतून खडकांपलीकडे आणायची आणि बाखाराखच्या धक्क्यावर मोठ्या गलबतांत भरायची. त्यामुळे वरच्या सगळ्या मुलखाची वाइन बाखाराखची म्हणून पुढे विकली जायची. खडकाने गावाला नशीब दिलं.

गावातल्या सेंट पीटर चर्चच्या मागून पायऱ्या चढून गेलं, की छप्पर नसलेलं एक गॉथिक देऊळ लागतं. तांबड्या वालुकाश्माच्या उंच, नाजूक कमानी, त्यांतून थेट आभाळ. वेर्नर चॅपेल. प्रत्येक जण इथे थांबून फोटो काढतो आणि काढावा असाच आहे तो. पण ते बांधलं का गेलं हे वाचून मग कॅमेरा उचलावा. १२८७ मध्ये वेर्नर नावाचा एक पोरगा मेलेला सापडला. ज्यूंनी धर्मविधीसाठी त्याचा बळी घेतला, अशी आवई उठली. कुठलाही पुरावा नव्हता, लागतही नव्हता. ऱ्हाईनकाठच्या आणि मोझेलकाठच्या गावागावांत ज्यूंच्या कत्तली झाल्या. पोराला संताचा मान मिळाला, यात्रेकरू आले, देणग्या आल्या आणि त्या देणग्यांवर या कमानी उभ्या राहिल्या. हाइनेची बाखाराखच्या रब्बीवरची अपुरी कथा या गावात घडते ती उगाच नाही. १६८९ मध्ये फ्रेंचांनी वरचा श्टालेक उडवला, त्याचे दगड कोसळून चॅपेलचं छप्पर गेलं. पण वेर्नरचं नाव ट्रिअरच्या धर्मप्रांताने आपल्या संतांच्या यादीतून काढलं ते थेट १९६३ मध्ये. पावणेसातशे वर्षांनी. दोन महायुद्धं आणि ज्यूंचा वंशसंहार होऊन गेल्यावर.

आता तिथे फलक आहे. बाबांनी माझ्याकडून तो पूर्ण वाचून घेतला, शब्द न् शब्द. खाली उतरल्यावर आम्ही एका अंगणात बसलो. त्यांनी वाइनचा ग्लास घेतला, बराच वेळ तसाच ठेवला आणि मग विचारलं, “जकात घेणाऱ्यांनी व्यापारी जगू तरी दिले. हे काय होतं?” जकात ही निदान व्यवहाराची गोष्ट होती, असं त्यांना म्हणायचं असावं. ज्यू सावकारांचं देणं बुडवायला याच कत्तली अनेकांच्या सोयीच्या ठरत, हे मी त्यांना सांगितलं. मग व्यवहार आणि ते, यांतली रेघ एवढी स्पष्ट राहिली नाही.

मार्क्सबुर्गला जायचं तर नदी ओलांडावी लागते. आणि इथे एक अजब गोष्ट कळते: माइन्त्स आणि कोब्लेन्त्स यांच्यामध्ये नदीवर एकही पूल नाही. बिंगेनजवळ होता, तो १९४५ मध्ये युद्धात उडाला. त्यानंतर सगळा कारभार फेरीबोटींवर. बोपार्डला आम्ही फेरीत चढलो, समोरच्या फिल्झेनला उतरलो, तिथून ब्राउबाख. डोंगराच्या शंकूसारख्या टोकावर मार्क्सबुर्ग. खोऱ्यातल्या उंचावरच्या किल्ल्यांत हा एकच असा, की जो कधी कुणी जिंकून उद्ध्वस्त केला नाही. पडझड झाली ती निव्वळ हेळसांडीने. १९०० मध्ये जर्मन किल्ल्यांच्या जतनासाठी निघालेल्या संस्थेने तो प्रशियाच्या सरकारकडून १,००० मार्कांना घेतला आणि आपलं ठाणं तिथेच केलं. १९४५ च्या मार्चमध्ये पलीकडच्या काठावरून अमेरिकन तोफांनी थोडंफार नुकसान केलं, तेवढंच.

आत फक्त वाटाड्याबरोबर सोडतात. पहिल्या दरवाजातून शिरलं, की घोडेस्वारांसाठी पाटीच्या कातळातच खोदलेला जिना लागतो. पायऱ्या रुंद, उथळ, झिजून गुळगुळीत, पावसात निसरड्या. बाबा वाकले. एका पायरीच्या कडेला बोटं फिरवली, उंची बघितली, मग वर बघून दरवाजाचा कोन बघितला. “घोड्याच्या पावलाच्या मापाची आहे,” म्हणाले. वाटाड्या मुलीने त्यांना विचारलं, तुम्ही वास्तुशास्त्रज्ञ का? मी सांगितलं, नाही, बँकेतून निवृत्त झालेत. पुढे ऱ्हाईनवर रोखलेल्या तोफा. मग स्वयंपाकघर, ज्यात अख्खा बैल मावेल एवढी चूल. शेजारी द्राक्षं पिळायचं लाकडी यंत्र. दिवाणखान्याच्या भिंतीतून बाहेर काढलेला एक चिमुकला सज्जा होता. शौचकूप. बसायची जागा, खाली भोक आणि थेट डोंगर. आमच्या गटातले सगळे हसले. बाबांनी मात्र वारा कुठून येतो ते विचारलं. हिवाळ्यात तिथे बसायचं म्हणजे काय, याचा विचार त्या गटात बहुधा त्यांनी एकट्यानेच केला असेल.

आणि पाण्याचं टाकं. ते बघेपर्यंत त्यांनी वाटाड्याला सोडलं नाही. पावसाचं पाणी साठवायची सोय दिसली तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली. मार्क्सबुर्ग ‘झाला’.

खोऱ्यातली एक गोष्ट पत्रकांत येत नाही. आवाज. डाव्या काठाने १८५९ पासून आणि उजव्या काठाने १८६२ पासून रेल्वे धावते आणि उत्तर समुद्रावरच्या बंदरांपासून इटलीपर्यंतची मालगाडी या गल्लीतूनच जाते. त्या काळच्या अभियंत्यांनी काही बोगद्यांच्या तोंडांना किल्ल्यासारखे बुरूज काढले, म्हणजे दृश्य बिघडायला नको. आवाजाला बुरूज काढता येत नाहीत. अंगणात बसून बोलताना दर थोड्या वेळाने वाक्य अर्धवट सोडून थांबावं लागतं. गाडी गेली की पुढे चालू. इथली माणसं ते इतक्या सराईतपणे करतात, की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. द्राक्षमळ्यांचंही तेच. फोटोत उतारावरच्या हिरव्या ओळी सुरेख दिसतात, पण अशा चढावर ट्रॅक्टर चालत नाही. एकाच रुळावरून चढणाऱ्या छोट्या गाडीत बसून माणूस वर जातो आणि हाताने काम करतो. पोरं शहरात गेली. कितीतरी पायऱ्यांवर आता झुडपं माजलीत. नीट पाहिलं तर जुने बांध त्यांच्याआडून दिसतात.

नदीचंही काही खरं नाही. काउबला पाणीपातळीची मोजपट्टी आहे आणि साऱ्या ऱ्हाईनवरचे नावाडी तिच्याकडे डोळे लावून असतात, कारण सगळ्यांत उथळ पात्र तिथलं. २०१८ च्या ऑक्टोबरात तिथे आकडा २५ सेंटिमीटरवर आला. ही काही पाण्याची प्रत्यक्ष खोली नव्हे, जहाजाला मिळणारी खोली त्याहून मीटरभर जास्त असते. तरी अर्धामुर्धा मालसुद्धा भरता येईना. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तीच गत. जकात तर केव्हाच गेली. उजव्या काठचा नासाऊ संस्थानाचा मुलूख १८६६ मध्ये प्रशियाने घशात घातल्यावर काउबचा नाका उठला आणि १८६८ च्या मानहाइम कराराने सबंध ऱ्हाईन खुली झाली. आता त्याच काउबला होड्या अडतात त्या पाण्यावाचून.

परतताना फेरीवर विषय निघाला तो पुलाचा. सांक्ट गोआरजवळ पूल बांधायचा वाद वर्षानुवर्षं चाललाय. एल्बे नदीवर पूल बांधला म्हणून ड्रेस्डेनच्या खोऱ्याचं नाव युनेस्कोने २००९ मध्ये यादीतून काढलं, त्यामुळे इकडे सगळे बिचकून आहेत. माझं मत पुलाच्या विरुद्ध. मला वाटलं होतं, गडावर रोपवे म्हटलं की भडकणारे बाबा माझ्या बाजूने बोलतील. ते म्हणाले, पूल बांधायला पाहिजे. गड ओस असतो, गाव नसतं. रात्री फेरी बंद झाल्यावर बाळंतीण असली तर तिने काय करायचं, कोब्लेन्त्सला वळसा घालायचा? मी म्हटलं, अहो पण मग या फेरीवाल्यांचं काय? त्यावर त्यांनी पलीकडच्या काठाकडे बघतच सांगितलं, की ते तू दाभोळला जाऊन विचार, तिथेही हाच वाद चालू आहे.